हळकुंड आणि कॉइल

आमच्या घाटकोपरच्या घरात संध्याकाळचे पाच वाजले की मी घड्याळाकडे बघायचे. अजूनही बघते. ट्यूशनची मुलं समोर बसलेली असायची, मी त्रैराशिक समजावत असायचे आणि कान मात्र आतल्या खोलीकडे. आधी कपाट उघडल्याचा आवाज. मग साडीची घडी पलंगावर टाकल्याचा. मग आईचं गाठोडं बांधणं. आणि मग दाराची कडी.

"माका घराक जावचा आसा."

"अगो, ह्या तुजाच घर!" हे बाबा. आधी समजुतीने, मग ओरडून. आई कडी खडखडवायची, बाबा हात धरायचे, ती चावायची. होय, चावायची. माझ्या ऐंशीच्या घरातल्या बापाच्या दोन्ही हातांवर दातांचे वण होते आणि उन्हाळ्यातही तो माणूस बाह्यांचा शर्ट घालून खाली दूध आणायला जायचा, का, तर शेजाऱ्यांनी विचारू नये. मुलं वह्या मिटून माझ्याकडे बघत बसायची. शेवटी मी संध्याकाळची बॅच बंदच केली.

आईला अल्झायमर आहे हे कळून तेव्हा काही वर्षं झाली होती. विसरण्याचं दुःख आम्ही कसंबसं पचवलं होतं. मला ती कधी मुलगी म्हणायची, कधी बाई. बाबांना तर तिने ओळखणं सोडूनच दिलं होतं. "तो चाय देणारो माणूस," म्हणायची. पण विसरणं वेगळं आणि ही रोजची मारामारी वेगळी. त्या मारामारीने आमची पार वाट लागली होती.

दादा बोरिवलीला राहतो. रविवारी यायचा, दोन तास बसायचा, आणि त्या दोन तासांत काय तो सल्ला देऊन मोकळा व्हायचा. एका रविवारी त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. मनोरीला अशा पेशंटची देखभाल करणारी एक जागा. मार्वे जेट्टीवरून होडीने पलीकडे जायचं. माड, वाळू, स्वच्छ खाटा.

"आईला गावासारखं वाटेल गं," तो म्हणाला.

"तुला सोपं वाटेल, असं म्हण ना सरळ."

"तू कायम अशीच बोल. बाबांचे हात बघितलेस? उद्या तिने त्यांना ढकललं आणि ते पडले तर?"

त्याचं खरं होतं, म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा उठून गॅलरीत गेले. लग्न झाल्यापासून आईला सोडून ते कुठे राहिले असतील तर फक्त तिच्या बाळंतपणांत. होडीतून पलीकडे जाऊन बायकोला भेटायचं, तेही तिथल्या लोकांनी दिलेल्या वेळेत, हे त्यांना सोसणार नाही हे मला दिसत होतं. दादालाही दिसत असणार. तो वाईट नाही. घाबरलेला आहे.

मी मुदत मागून घेतली. आमच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी एक उपचार सुचवला होता, तो करून बघू, मग ठरवू. दादा म्हणाला, "ठीक आहे. पण संध्याकाळचं हे प्रकरण थांबलं नाही, तर मनोरी. मग रडायचं नाही."

उपचार चुंबकाचा. डोक्यावर एक कॉइल धरतात, तिच्यातून झटक्यात वीज सोडतात, त्याने चुंबकाचा जोर तयार होतो आणि कवटीच्या आत, मेंदूच्या ठरावीक जागी, अगदी बारीक करंट उठतो. भूल नाही, कापणं नाही. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. "आठवण परत येईल असं मनात आणू नका. डिप्रेशनसाठी हे जास्त वापरतात. ह्या आजारातल्या चिडचिडीसाठी, मारहाणीसाठी अजून बघणं चाललंय. काहींना थोडा फरक पडतो. तुमच्या आईला पडेल का, मला माहीत नाही." मला अशी माणसं आवडतात. खोटी आशा विकत नाहीत. पण रात्रभर डोक्याला ताप देऊन जातात, हेही खरं.

बाबांना मात्र कॉइल हा शब्द ऐकूनच हुशारी आली. त्यांचा जन्म गेला साकीनाक्याच्या एका गाळ्यात मोटारी वाइंड करण्यात. जळलेली मोटर उघडायची, जुनी तार ओरबाडून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, व्हार्निश पाजायचं. क्लिनिकही योगायोगाने अंधेरीकडे जाताना साकीनाक्याच्या पुढेच होतं. पहिल्या दिवशी रिक्षा असल्फ्याच्या चढावर अडकली, आई दांड्याला धरून "उतरव माका" करत होती, मला घाम फुटलेला, आणि हे गृहस्थ बाहेर बोट दाखवत आईला सांगत होते, "थंय, त्या गल्लीत माजो गाळो." आई त्यांच्याकडे अशी बघत होती, की ह्या अनोळखी माणसाच्या गाळ्याशी आपला काय संबंध.

क्लिनिकात मशीन चालवणारी बाई भली होती. आईच्या डोक्यावर पोहण्याची असते तशी घट्ट टोपी चढवली, पेनाने खुणा केल्या, कानात बोळे घातले. मग कॉइल टेकवून टक् केलं. आईचा उजवा अंगठा उडाला. जागा शोधायची असते, अंगठा हलला की जोर किती लावायचा ते कळतं.

"कोण तो माजो आंगठो ओढता?" आई म्हणाली. रागाने इकडेतिकडे बघितलं. परत टक्, परत अंगठा. "मेल्या!" म्हणून तिने बाबांच्या हातावर फटका दिला. मशीनवाल्या बाईला हसू आवरेना. मीही हसले. किती दिवसांनी हसले असेन!

मग ठरल्या जागी सलग टकटक सुरू झाली. "कोण लाकडा फोडता?" असं दोनतीनदा विचारून आई खुर्चीत स्वस्थ बसली. बाबा कॉइलवरून नजर हलवत नव्हते. "मॅडम, ह्याला तारेचे फेरे किती?" त्या बाईने मोकळेपणाने सांगितलं, ते तिलाही माहीत नाही, सीलबंद येते. बाबांना ते फारसं पटलं नाही.

आता धातूचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. डोक्याजवळ, मानेजवळ धातू नको, हा नियम. कानातल्या कुड्या साबण लावून काढल्या, नाकातली चमकी काढली. राहिलं मंगळसूत्र. क्लिनिकवाल्यांचं म्हणणं इतकंच, की खुर्चीत बसवताना काढा, उठवल्यावर घाला. पण बाबांची सवय गाळ्यातली. चालू मोटारीजवळ अंगठी नाही, घड्याळ नाही, कंबरेला चावीसुद्धा नाही. कॉइलने धातू तापतो, ओढला जातो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. ते म्हणाले, रोज काढघाल करताना एखाद्या दिवशी विसरलो तर? कोर्स संपेस्तोवर घरीच ठेवू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः ते आईच्या गळ्यातून काढलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि वर हळदकुंकवाचा करंडा ठेवला.

मी बाजूलाच उभी होते. मी लग्न केलं नाही. मला त्या काळ्या मण्यांचं कधी काही वाटलं नाही, एखादीने घातलं काय नि नाही घातलं काय. आईने गळ्याशी हात नेला, तिथे थोडा वेळ चाचपडली आणि गप्प झाली. मला वाटलं, बरं झालं, भांडली नाही.

सोमवार ते शुक्रवार आमची वारी सुरू झाली. रिक्षा, सिग्नल, टोपी, टकटक, परत रिक्षा. आणि काय सांगू, पहिला आठवडा संपेपर्यंत आईत फरक दिसायला लागला. पाच वाजले, मी श्वास रोखून बसले. कपाट उघडलं नाही. गाठोडं नाही. कडी नाही. आई पलंगाच्या कडेला मान खाली घालून बसलेली. सहा वाजले, सात वाजले. बाबा हळूच माझ्याकडे बघून हसले.

मी दादाला फोन केला. "फरक पडतोय रे! झकास! शांत बसली होती."

"खरंच? बघ, मी म्हणालो होतो ना," तो म्हणाला. हा काय म्हणाला होता, देव जाणे.

पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. शांतता होती खरी, पण घर कसं तरीच लागायचं. एका सकाळी आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या नव्हत्या. उशीखाली रुमालात बांधून ठेवलेल्या सापडल्या. म्हटलं, खुर्चीच्या हातावर लागत असतील. टिकली लावायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. म्हटलं, टोपी कपाळाला काचत असेल. बाबा चहा घेऊन गेले की ती डोक्यावरून पदर घ्यायची. माझ्या आईने सासऱ्यांसमोर घेतला असेल तेवढाच, आम्ही तिला डोक्यावर पदर घेतलेली कधी पाहिली नव्हती. बाबा म्हणाले, पंखा लागत असेल. आम्ही दोघंही खुळ्यासारखे प्रत्येक गोष्टीला कारण चिकटवत होतो, कारण मनोरीची होडी आम्हाला नको होती.

रविवारी बाबांनी मार्केटमधून ताजे बांगडे आणले. मी तिरफळं घालून आंबट तिखट केलं. मला आईसारखं जमत नाही, पण वास तरी तोच होता. आजारातही आईने मासा कधी सोडला नव्हता. नावं विसरली, पण काटा काढायला विसरली नव्हती. ताट पुढे ठेवलं, तर तिने ते दोन्ही हातांनी दूर सारलं.

"घरात सुतक आसा आणि माशे रांदतंस?"

"सुतक? कोणाचं, आई?"

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत इतकी दया होती, की मी हातातली पळी खाली ठेवली. "तुजो बापूस गेलो ना गो," ती म्हणाली. मग माझ्या गालावरून हात फिरवला. पोरक्या पोरीच्या गालावरून फिरवावा तसा.

बाबा समोर बसले होते. बोटांना तिखट लागलेलं. आईने पदर पुढे ओढला आणि त्यांना म्हणाली, "पावण्यांनू, तुमी जेवा. तुमका सुतक नाय."

म्हणजे माझी आई इतके दिवस शांत झाली नव्हती. ती रडत होती. गळ्यातलं काढलं, तेव्हाच तिने काय समजायचं ते समजून घेतलं होतं, आणि बांगड्या, कुंकू, सगळं स्वतःच्या हाताने उतरवलं होतं. आम्ही फोन करून एकमेकांना आनंदाची बातमी देत होतो. मला स्वतःचा इतका संताप आला, की कपाळ भिंतीवर आपटावं.

"आई, अगं हे काय, हे समोर बसलेत ना..." मी सुरू केलं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण आवाज शांत होता.

"कसो होतो माणूस?" त्यांनी तिला विचारलं.

आईने ताटाकडे बघितलं. "माणूस बरो होतो. तोंडान तिखट. पण माज्यावर हात कदी उचलूक नाय." मग म्हणाली, "कामावरसून इले काय हाताक व्हार्निशचो वास. साबणान जायना. मी म्हणा, धुवन येवा, मगे जेवा." तिने स्वतःचा तळवा नाकाशी नेला. "माका तो वास बरो वाटायचो. कदी सांगूक नाय त्येंका."

बाबा उठले आणि मोरीत जाऊन नळ सोडला. खूप वेळ पाणी वाहत होतं. रिटायर होऊन वीस वर्षं होत आलेला तो माणूस हात धूत होता की रडत होता, मी बघायला गेले नाही.

त्याच दुपारी त्यांनी करंडा उचलला आणि मंगळसूत्र तिच्या गळ्यात घातलं. तिने घालू दिलं, पण समजली काहीच नाही. सोमवारी क्लिनिकात मी नियमाप्रमाणे ते काढायला हात लावला मात्र, आईने अशी किंकाळी फोडली, की बाहेर बसलेली माणसं आत धावली. टोपी फेकली, मशीनवाल्या बाईच्या कोपराला नखं लागली. त्या दिवशी टकटक झालीच नाही. परतताना रिक्षात आई दोन्ही मुठींत मंगळसूत्र घट्ट धरून बसली होती. मी मनात हिशोब करत होते, काढलं तर ती विधवा, नाही काढलं तर कोर्स बंद, आणि कोर्स बंद म्हणजे मनोरी. डोकं फुटायची वेळ आली.

बाबा एकदम म्हणाले, "रिक्षा मार्केटाक घे."

मार्केटात पूजेच्या सामानाच्या दुकानातून त्यांनी काचेचे काळे मणी, सुती दोरा आणि एक हळकुंड घेतलं. गावाला कोणा बाईचं मंगळसूत्र तुटलं, की नवं गाठवेपर्यंत गळा मोकळा ठेवत नाहीत, दोऱ्यात हळकुंड बांधतात. मला हे माहीतच नव्हतं. घरी येऊन ते खिडकीशी बसले. ज्या बोटांनी जन्मभर तार गुंडाळली, त्यांतून मणी दोनदा घरंगळून पलंगाखाली गेले. मी ओवून देते म्हटलं, तर ओरडले माझ्यावर. शेवटी तयार झालं. आईसमोर बसून त्यांनी आधी हा दोरा तिच्या गळ्यात बांधला, गाठ मारली, आणि मगच सोन्याचं काढून घेतलं. आईने हळकुंडाचा वास घेतला आणि ते पदराखाली सारलं. भांडली नाही.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्या बाईने विचारलं, "काका, ह्यात धातू नाही ना?"

"हळद आसा," बाबा म्हणाले. "हळदीक काय करंट लागता?"

तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांनी बघितलं, मान डोलावली. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मागच्या आठवड्यात तुम्ही मला सांगितलेली सुधारणा मी धरायला नको." त्या स्वतःवरच चिडल्यासारख्या वाटल्या. मला त्या आणखी आवडल्या.

कोर्स पुढे चालू झाला. बांगड्या परत हातात आल्या. एका सकाळी आईने स्वतः कपाळ पुढे केलं, मी टिकली लावली, आणि मला हुंदका आला तो आलाच. बांगड्याचं तिखट खाऊन "मीठ कमी" म्हणाली. पुढे तिचं चावणं थांबलं. झोपही बरी लागायला लागली. हे कॉइलमुळे की हळकुंडामुळे, की आम्ही दोघांनी ओरडणं सोडलं म्हणून, मी शपथेवर सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाईही सांगू शकत नव्हत्या.

पण पाच वाजताचं गाठोडं परत आलं.

कोर्स संपला त्या आठवड्यातल्या रविवारी दादा आला, निर्णय करायला. मला सकाळपासून काही सुचत नव्हतं, दूध उतू घालवलं, गॅस पुसत बसले. पाच वाजले. कपाट उघडलं. साडीची घडी पलंगावर पडली. दादाने माझ्याकडे बघितलं, म्हणजे झालं की, अशा नजरेने. आई गाठोडं घेऊन दाराशी आली आणि कडीला हात घातला.

"माका घराक जावचा आसा."

आता बाबा ओरडतील, मला वाटलं. ते ओरडले नाहीत. जवळ जाऊन उभे राहिले, आणि म्हणून आम्हाला तिचं पुढचं वाक्य ऐकू आलं. इतक्या महिन्यांत ते आम्ही कधी ऐकून घेतलं नव्हतं. आमच्याच आरडाओरड्यात ते बुडून जायचं.

"उशीर झालो," ती म्हणाली. "हे कामावरसून इले असतले. वाट बघीत असतले."

मला लख्ख कळलं. सुतकात ती दाराशी का गेली नव्हती, ते कळलं. तेव्हा घरी वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं ना. आणि ज्या संध्याकाळी ती ह्या माणसाला चावत होती, त्या प्रत्येक संध्याकाळी तिला ह्याच माणसाकडे जायचं होतं.

बाबांनी खुंटीवरचा शर्ट घातला. चपला पायांत सरकवल्या. मग तिच्याशी, लग्नाच्या बायकोशी, ते जन्मात पहिल्यांदा तुम्ही करून बोलले. "चला. मी सोडतंय तुमका घराक."

"तुमका त्रास," आई म्हणाली.

"त्रास कसलो! वाटेवरच आसा."

लिफ्टचं दार लागलं. मी आणि दादा गॅलरीत धावलो. खाली ती दोघं गेटपर्यंत गेली, पाण्याच्या टाकीला वळसा घातला, गाठोडं आता बाबांच्या काखेत होतं. आई काहीतरी सांगत होती, हातवारे करून. बाबा मान हलवत होते. दादाच्या हातात मोबाइल होता, मनोरीचा तो फोटो तसाच उघडा. त्याने तो बंद केला आणि खिशात टाकला. नाक ओढलं. मी त्याला चिमटा काढला नाही.

थोड्या वेळाने बेल वाजली. मी दार उघडलं. आई घाईने आत आली, घरभर नजर फिरवली, गळ्यातल्या हळकुंडाशी हात नेला. मग तिला आठवलं, की सोडायला आलेला माणूस अजून बाहेरच उभा आहे. ती वळली.

"आत येवा ना," ती बाबांना म्हणाली. "च्या घेवन जावा. ह्येंका बरा वाटतला."

बाबांनी दाराबाहेर चपला काढल्या, आणि पाहुण्याने बसावं तसे खुर्चीच्या कडेला येऊन बसले.